कैरी सोलायची शिंपली

उदगीर, जि. लातूर
(उदगीर जिल्हा झाला की पत्ता बदलून कळवीन.)
२० मार्च २०१६

विशाखास,

जयभीम.

नुसतं ‘जयभीम’ लिहिलं आहे, ‘सप्रेम’ लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. लहानपणापासून तुला नको तेच आधी दिसतं.

तुम्ही सर्व नागपुरात खुशाल असाल. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण माझ्यासमोर कुरकुर करून कोणाचं काही भलं झालेलं नाही हे त्यांनाही आता कळायला लागलंय. फोन का केला नाही, असं तू विचारशील. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभं आयुष्य गेलं. दोन माणसं बोलत असताना तिसरं कोण ऐकतं हे मी चांगलं जाणते, कारण बरेचदा ते तिसरं मीच होते. तेव्हा पत्र.

इकडे पाण्याची बोंब आहे. गल्लीत टँकर येतो तेव्हा शिकलेल्या बायका ज्या भाषेत भांडतात, ती ऐकून शाळेतल्या सिस्टर फिलोमिनांनी आपल्या सगळ्यांची तोंडं साबणानं धुतली असती. अर्थात, साबण धुवायला पाणी कुठून आणलं असतं? मी रांग लावून दिली आहे. घागरींना खडूनं नंबर घातले. आता भांडण होतं, पण नंबरानं होतं.

पत्र लिहायचं कारण वेगळंच आहे. वरच्या खोलीत मी एक भाडेकरू ठेवली. शिवलीला बिराजदार, निलंग्याची, विद्यापीठात संशोधन करते. कशावर? शिंपल्यांवर. समुद्रातल्या नव्हे, तळ्यातल्या. मी ऐकलं तेव्हा मलाही वाटलं की सरकारकडे पैसे जास्त झालेत. शेजारच्या धुरपताबाईंनी तर तिच्या तोंडावरच विचारलं,

“पोरी, शिंपल्याचं शिक्षण करून राहिलीस अन सरकार तुला पगार देऊन राहिलं? मंग माझ्या म्हशीनं काय पाप केलंय? तिचा तर जलम गेला तळ्यात.”

पोरगी हसली, रागावली नाही. तिथेच मला ती आवडली. पण भाडं कमी केलेलं नाही.

आता नीट ऐक. आपल्या आजोळच्या तळ्यात तिला एक परदेशी शिंपला सापडला आहे. हो, आपल्याच, देवणीच्या रस्त्याला, जिथे माय उन्हाळ्यात आपल्याला घेऊन जायची. तळं आटत आलं, तळ उघडा पडला, आणि चिखलात हे ताटलीएवढे शिंपले. कोणीतरी मत्स्यबीज बाहेरून आणलं, त्याबरोबर आले. ह्यांची पिल्लं म्हणे माशांच्या कल्ल्यांना चिकटून प्रवास करतात. तिकीट नाही, रिझर्वेशन नाही. बाबांनी असल्यांना पूर्णा जंक्शनवर उतरवून, दंड लावून, परत पाठवलं असतं. एकदा नव्या पाण्यात उतरले की भराभर वाढतात आणि आपल्या इथल्या शिंपल्याला जागा ठेवत नाहीत.

श्रीमंतराव आठवतात ना? समोरचे. ते जिल्हा निर्मिती समितीचे सचिव आहेत आणि मच्छीमार सोसायटीचे अध्यक्षही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांची छाती फुगली. “पंचशीलाताई, आपल्या तालुक्यात परदेशी प्राणी! आता जिल्हा द्यावाच लागतो!” निवेदनात एक मुद्दा वाढवला, त्याच्या झेरॉक्सही काढल्या. मग शिवलीलानं हा प्राणी उपद्रवी आहे हे सांगितल्यावर त्यांनी निवेदन परत मागवलं आणि आता म्हणतात, शिंपला आपला नाहीच, नांदेड जिल्ह्यातून आलाय.

खरी अडचण पुढे आहे. तळ्यात उरलेल्या डबक्यात सोसायटीचे मासे तडफडताहेत. श्रीमंतरावांना ते टँकरमध्ये घालून मोठ्या धरणात सोडायचे आहेत. माशांबरोबर कल्ल्यांना लोंबकळत ही बेतिकिटी जनताही धरणात जाणार, आणि धरणातून खाली नदीत. शिवलीला म्हणते, दुष्काळ हीच एक संधी आहे. तळं या उन्हाळ्यात पूर्ण वाळू दिलं तर हा शिंपला इथेच संपेल. मत्स्य खात्याचे साहेब म्हणतात, “मॅडम, शिंपले तळ्यात पहिल्यापासूनच असतात, त्यात परदेशी काय?” त्यांना पुरावा पाहिजे, की पूर्वी तिथे दुसरा शिंपला होता आणि हा नव्हता. पुरावा कुठून आणायचा? आपल्या गावांत म्युझियम नाही.

ते मीच तिला दाखवलं. स्वयंपाकघरात नेलं आणि कैरी सोलायची शिंपली हातात दिली. आमच्याकडे प्रत्येक जुन्या घरात एक असते. तळ्यातून आणलेली, फुगीर पाठ दगडावर घासून भोक पाडलेली. त्या भोकाच्या धारेनं कैरी सोलतात. पोरीनं ती खिडकीपाशी नेऊन आतून-बाहेरून पाहिली. मग म्हणाली, “मावशी, हे तर नमुने आहेत!” आपल्या इथल्या शिंपल्याला बिजागरीपाशी आतून दात असतात. परदेशी बोळका. बिजागरी पाहिली की झालं.

तेव्हापासून माझ्या ओसरीवर शिंपल्यांचा बाजार भरलाय. धुरपताबाईंनी सासूच्या सासूची म्हणून जी आणली ती कोकणच्या सहलीत घेतलेली निघाली. मागे ‘वेलकम’ लिहिलेलं होतं. एकीनं नवऱ्याकडून ड्रिलनं भोक पाडून आणली. बाकीच्या खऱ्या आहेत, दातवाल्या आहेत, पण कोणत्या तळ्यातल्या, कोणाला ठाऊक! तिला पाहिजे आहे नेमकी आपल्या आजोळच्या तळ्यातली. मायनं तिथूनच आणलेली माझ्याकडे आहे हे तुला माहीतच आहे. पण ती जरा झिजली आहे.

तुझ्याकडे जी एक आहे, जिला तू मायची म्हणतेस, ती अजून आहे का, एवढीच चौकशी. बाकी काही नाही.

पंचशीला
(निवृत्त पर्यवेक्षक, दूरध्वनी केंद्र)


उदगीर
१७ एप्रिल २०१६

विशाखास,

जयभीम.

तुझं कुरियर मिळालं. आत स्टीलचं सोलणं. त्यावर नागपूरच्या दुकानाची चिठ्ठी, तुझी एक ओळ नाही. उपरोध कळला. नाही म्हटलं तरी मीच तुला शिकवलेला. सोलणं भिकार आहे. त्यानं काकडीदेखील रडते. मी ते श्रीमंतरावांच्या मिसेसना देऊन टाकलं.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं हे पेपरात वाचलं असशील. पाण्याची गाडी! बाबा असते तर डगल्याची बटणं लावून, प्लॅटफॉर्मवर उभे राहून सलाम केला असता. आमच्याकडे टँकर दोन दिवसांआड होता, तो आता ‘बघू’ वर आला आहे. तरी एकशे पंचविसावी जयंती झोकात झाली. मिरवणुकीत सरबताऐवजी पाणीच वाटलं आणि लोकांनी ते सरबतासारखं चवीनं प्यायलं.

श्रीमंतरावांशी माझं जाहीर भांडण झालं. चौकात.

“ताई, मासे मरून राहिलेत अन तुम्ही शिंपल्याची बाजू घेऊन राहिलात?”

“मी शिंपल्याची नाही, नदीची बाजू घेते.”

“नदीत पाणी हाय कुठं?”

“येईल तेव्हा त्यात काय असावं, हे आत्ता ठरतंय, श्रीमंतराव.”

“लई बोलता तुम्ही. कान्व्हेंटचं शिक्षण.”

“कॉन्व्हेंटमध्ये गप्प बसायलाच शिकवतात. हे मी घरी शिकले.”

लोक हसले, पण खरं सांगते, मला त्या माणसाचं वाईट वाटलं. सोसायटीत पंधरा-वीस घरं आहेत, मासे हीच त्यांची कमाई. शिवलीलानं तोड काढली आहे. मासे इथेच पकडून बाजारात विकावेत, नुकसानभरपाईसाठी तिनं साहेबांकडे अर्ज लिहून द्यावा. श्रीमंतराव नाही म्हणाले नाहीत. “पहिलं सिद्ध करा,” म्हणाले. साहेबांनी १९ मेला बैठक ठेवली आहे. बैठकीत सिद्ध झालं तर माशांचा टँकर थांबेल. नाही झालं तर त्याच संध्याकाळी मासे धरणात.

म्हणून पुन्हा लिहिते. माझ्या शिंपलीच्या कडेला एक टवका उडालेला आहे. नेमका बिजागरीपाशी. शिवलीलानं भिंगातून पाहून पाहून डोळे लाल केले, म्हणते, “मावशी, इथे दात होते की नव्हते, मी छातीठोक सांगू शकत नाही.” टवका कसा उडाला याची चर्चा करायची गरज नाही. वस्तू जुनी झाली की उडतो.

तिनं मला विचारलं, दुसरी आहे का कोणाकडे. मी म्हणाले, बहिणीकडे एक आहे, पण ती बाजारातली आहे. तिनं विचारलं, कशावरून? मी सांगितलं तेच तुलाही आठवत असेल. माय गेल्यावरचा उन्हाळा, लोणच्याच्या कैऱ्या, आपण दोघी याच ओसरीवर. माझी शिंपली सापडेना म्हणून मी तुझी घेतली. एक साल धड निघेना. हात कसाही वळवला तरी निसटायची, शेवटी अंगठा कापला. मी म्हणाले, ही मायच्या हातची असूच शकत नाही, मायची लोण्यासारखी चालायची. ही तू बाजारातून आणलीस. तू म्हणालीस, “मायनं मला एकटीला दिली होती, अक्का, तुला सांगू नको म्हणाली होती!” आणि मी त्याच वेळी ओरडत होते की मायनं मला एकटीला दिली होती, तुला सांगू नको म्हणाली होती. दोघी एकदमच ओरडत होतो. ऐकत होती ती फक्त धुरपताबाई, आणि ती अजून ऐकवते.

दुपारच्या एसटीनं तू गेलीस. कैऱ्या तशाच राहिल्या. धुरपताबाईच्या म्हशीनं खाल्ल्या.

बाजारातली असली तरी चालेल. निदान तिचा एक फोटो शिवलीलाच्या मोबाइलवर पाठव. नंबर कागदाच्या मागे लिहिला आहे. मला लिहायची गरज नाही.

पंचशीला


उदगीर
८ मे २०१६

विशू,

फोटो मिळाला. तू खरंच मला एक अक्षर लिहिलं नाहीस. शिवलीलाला मात्र ‘बेटा, जेवण वेळेवर करत जा’ असं लिहिलंस. ती करत नाही. मी करायला लावते.

आता जे घडलं ते जसंच्या तसं लिहिते, मध्ये माझी टिप्पणी घालणार नाही. (घालीन.)

शिवलीलानं फोटो मोठा केला. तुझ्या शिंपलीची बिजागरी शाबूत आहे. दात आहेत, एकूणएक, ओळीत, आपल्या आत्यापेक्षा बरे. म्हणजे इथला शिंपला. पोरीनं टाळी वाजवली. मग ती एकदम थांबली, माझी शिंपली आणली, मोबाइलच्या शेजारी धरली, इकडून तिकडून फिरवली.

“मावशी, तुमची डावी आहे.”

“डावी म्हणजे?”

“शिंपल्याला दोन झाकणं असतात, डावं अन उजवं. तुमचं डावं. त्यांचं उजवं.” मग जरा चाचरत म्हणाली, “रेघा बघा. ही जाड रेघ इथं, अन त्यांच्यातबी इथंच. एकाच जिवाची दोन झाकणं वाटून राहिलीत मला. पण फोटोवरून पक्कं नाही सांगता येत. हातात घेऊन एकमेकांवर बसवली तर कळेल. दुसऱ्या कुठल्याच शिंपल्याचं झाकण बसत नाही.”

मी म्हणाले, भलतंच. मायनं एकच शिंपला आणला असेल तर दोघींना कसा—

आणि तिथे माझं वाक्य संपलं. माझं वाक्य अर्ध्यात संपलेलं तू कधी पाहिलं नाहीस, म्हणून मुद्दाम लिहिते.

मग पोरीनं विचारलं, “मावशी, तुमच्या बहीण डावखुऱ्या आहेत का?”

विशू, सिस्टर फिलोमिनांनी तुझ्या डाव्या हातावर फुटपट्ट्या मोडल्या. मी खिडकीतून पाहायची. तू उजव्या हातानं लिहायला लागलीस, पण सुट्टीत घरी आल्यावर जेवायचीस उजव्या हातानं आणि बाकी सगळं डाव्यानं, आणि माय काही बोलायची नाही. आता मला सांग, एवढी वर्षं मला हे का सुचलं नाही, की तुझी शिंपली माझ्या हातात चालत नव्हती कारण ती माझ्या हातासाठी नव्हतीच? मी माझी उजव्या हातात धरून पाहिली. गोल बूड बरोबर अंगठ्याच्या खळग्यात बसतं. मग डाव्या हातात धरली. कोपरं टोचतं आणि निसटते. तुझी माझ्या हातातून निसटली होती, अगदी तशी. शिवलीलानं माझ्याकडून दोन कैऱ्या डाव्या हातानं सोलवून घेतल्या, प्रयोग म्हणून. दुसरा अंगठा कापला.

म्हणजे मायनं एकच शिंपला फोडला, दोन्ही झाकणं घासली, आणि जिचा जो हात तिला ते झाकण. वर दोघींनाही कानात सांगितलं, तुलाच दिली, तिला सांगू नकोस. आपण दोघी पर्यवेक्षक आणि मुख्याध्यापिका झालो, आणि त्या सही न येणाऱ्या बाईनं आपल्याला गंडवलं. मी तासभर हसत होते. धुरपताबाई आल्या, “काय झालं वो?” म्हणाल्या. सांगितल्यावर म्हणाल्या, “मला तवाच कळलं हुतं. दोघी एकच वाक्य बोलून राहिल्या हुत्या.” मग तवाच का नाही सांगितलंत? “तुम्ही बोलू देता व्हय कुणाला?”

बैठकीचं सांगते. शिवलीला फोटो घेऊन साहेबांकडे गेली. साहेब माणूस वाईट नाही, पण साहेब आहे. म्हणाले, फोटो चालणार नाही, वस्तू पाहिजे. आणि वस्तू आणली तरी ती त्याच तळ्यातली कशावरून? काढताना कोणी पाहिलं असेल तर त्यानं समोर येऊन सांगावं.

मी पाहिलेलं नाही. मी तेव्हा सिकंदराबादला, आपल्या कॉन्व्हेंटच्या होस्टेलमध्ये होते. त्या वर्षी तुला गोवर झाला म्हणून मायनं तुला ठेवून घेतलं आणि तू महिनाभर आजोळी होतीस. परत आल्यावर तू मला सांगत होतीस, माय गुडघाभर पाण्यात उतरली, पायानं चाचपून शिंपला काढला, आणि तुझ्या ओच्यात टाकला, आणि तो आतून पाण्याची चूळ टाकायचा. मी म्हणाले होते, खोटं बोलतेस. (मी तेव्हाही तेच म्हणत असे.) तेव्हा ते तळं, तो शिंपला आणि मायचा पाय पाहिलेलं माणूस या जगात एकच उरलं आहे, आणि ते मला कुरियरनं स्टीलचं सोलणं पाठवतं.

श्रीमंतरावांना मी हे सगळं सांगितलं. मग म्हणाले, “तुमच्या भगिनी येऊन माझ्या तोंडावर सांगू द्या. मी माशांचा टँकर रद्द करतो, साहेबाचं काय बी निघू द्या.” आणि लगेच, “त्या येतील ना, ताई?” मी म्हणाले, तिला मी ओळखते. खरं तर मला माहीत नाही.

शिंपली पोस्टानं पाठवू नकोस. कुरियरनं तर मुळीच नको. माझी कशी फुटली ते विचारू नकोस. ठीक आहे: बिस्किटांच्या डब्याचं झाकण निघत नव्हतं. मायच्या शिंपलीनं उचकटलं. झाकण निघालं. दातही निघाले. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, शिवलीलालाही नाही. तिला वाटतं काळानं झालं.

नागपूरहून नांदेडपर्यंत रेल्वेनं ये, पुढे एसटी आहे. १९ मेच्या आधी ये. बैठकीनंतर दोनच दिवसांनी बुद्ध पौर्णिमा आहे. ती करूनच जा. अंघोळीला एक तांब्या मिळेल, त्याबद्दल तक्रार चालणार नाही. प्यायच्या पाण्याची काळजी करू नकोस. माझ्या रांगेत मी तुझ्या नावानं एक घागर लावून ठेवली आहे. नंबर पंधरा. परवा टँकर आला तेव्हा श्रीमंतरावांच्या मिसेसनी विचारलं, “ही कुणाची? इथं तर कुणीच उभं नाही.” मी म्हणाले, भरा.

बाजारातून कैऱ्या आणल्या आहेत. तोतापुरी नाही, गावरान. ओसरीवर टोपलीत आहेत.

एकही सोललेली नाही.

सप्रेम,
तुझी
अक्का